अभिलेख नाहीसा झाल्यावर गप्प बसणे हाही गुन्हा ठरवा

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधानपरिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई

विषय : महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मधील कलम ७ व ९ मध्ये दुरुस्ती करण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

मी एका तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वकिली करते. माझ्याकडे येणारी बहुतेक कामे जमिनीची असतात : वाटप, वारसनोंद, हक्कसोड, बांधावरची भांडणे. या कामांत एक उत्तर मला पुन्हा पुन्हा वाचावे लागते. कधी ते तहसील कचेरीतून येते, कधी भूमी अभिलेख कार्यालयातून, कधी नगरपालिकेतून. ‘सदर प्रकरणाची संचिका अभिलेख कक्षात शोध घेतला असता आढळून आली नाही.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. एवढ्या एका ओळीने कुणाचा तरी दावा संपतो. ती ओळ लिहिणाऱ्या कार्यालयाला मात्र त्यानंतर काहीच करावे लागत नाही. कुणी फिर्याद देत नाही, कुणाचा जबाब होत नाही, वरच्या कार्यालयाला कळवलेही जात नाही.

एक प्रकरण सांगते, नावे-गावे वगळून. तीन बहिणी, तिघीही सत्तरीच्या पुढच्या. वडील वारले तेव्हा जमिनीला भावाचे एकट्याचे नाव लागले. फेरफारावर शेरा असा, की बहिणींनी तलाठ्यासमोर जबाब देऊन हक्क सोडला. बहिणी म्हणतात, आम्ही चावडीची पायरी चढलोच नाही. एकीचे तर त्याच महिन्यात बाळंतपण झाले होते. खरेखोटे करायचे तर तो जबाब आणि फेरफाराची नोटीस बाहेर काढून त्यावरच्या सह्या-अंगठे पाहायला हवेत. कार्यालयाचे उत्तर आले : आढळून येत नाही. आता महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ सांगते, की प्रमाणित झालेली फेरफार नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. उलट सिद्ध करू शकणारा कागद सरकारच्या ताब्यातून गेला आणि सिद्ध करण्याचे ओझे तीन म्हाताऱ्या बायकांच्या डोक्यावर आले.

कागद नाहीसा होतो तेव्हा दोन्ही पक्षांचे नुकसान सारखे होत नाही. ज्याचे नाव आज सातबाऱ्यावर आहे त्याचे त्यात भले होते. ज्याचे गाळले गेले तो बुडतो. गाळली जाणारी माणसे कोण, हे तुमच्यापैकी ज्यांनी कधी ग्रामपंचायतीचे राजकारण केले आहे त्यांना मी सांगायला नको. लेकीबाळी, विधवा सुना, कूळ म्हणून राबलेली कुटुंबे, इनाम आणि वतनाच्या जमिनीवरचे लोक, ज्यांची जमीन बिगर आदिवासींच्या नावावर गेली ते आदिवासी. यांच्या घरात कागद नसतो. त्यांचा कागद सरकारी दप्तरात असतो, आणि दप्तरातला गेला की त्यांच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

जुन्या कागदाची किंमत आज पूर्वीपेक्षा वाढली आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला आणि तो जन्मापासूनचा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या कायद्याने तशाच ठेवल्या. म्हणून ‘वाटणी तेव्हाच झाली होती’ हे म्हणणे पुष्कळ दाव्यांत येते आणि निकाल पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एका कागदावर येऊन ठेपतो. दुसरीकडे, २०२३ पासून मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभरच्या कचेऱ्यांनी जुनी दप्तरे उघडली. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळेची जनरल रजिस्टरे, पाहणीपत्रके, मोडीतले कागद धुंडाळून पन्नास लाखांहून जास्त कुणबी नोंदी काढल्या गेल्या. आरक्षणाबद्दल तुमचे मत काहीही असो, त्या शोधमोहिमेने एक गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला दाखवली : शंभर वर्षांपूर्वीच्या कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली, एक ओळ आजच्या मुलाच्या प्रवेशाचा आणि नोकरीचा निर्णय करते. ज्या ओळीला इतकी किंमत आली, ती ओळ पुसायला, पान फाडायला, आख्खी वही पळवायला माणसे तयार होणार. पहारा वाढवायला हवा तो आत्ता.

कायद्यात शिक्षाच नाही, असे कुणाला वाटत असेल तर तसे नाही. शिक्षा आहेत, आणि काही फार कडक आहेत. भारतीय न्याय संहितेचे कलम ३४३ (जुने भारतीय दंड संहितेचे ४७७) म्हणते, की मृत्युपत्र, दत्तक घेण्याचा अधिकार देणारा लेख किंवा मूल्यवान रोखा जो कुणी कपटाने नष्ट करील, विद्रूप करील किंवा दडवून ठेवील, त्याला जन्मठेप होऊ शकते, किंवा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पुराव्यात दाखल करावा लागू नये म्हणून दस्तऐवज नष्ट करणे किंवा लपवणे हा कलम २४१ चा गुन्हा. जुन्या २०४ कलमात दोन वर्षे होती, आता तीन झाली. सरकारी नोकराने त्याच्याकडे सोपवलेल्या मालाचा अपहार केला तर कलम ३१६ च्या पाचव्या पोटकलमाखाली जन्मठेपेपर्यंत जाता येते. १ जुलै २०२४ पासून एक नवी तरतूदही आली आहे आणि ती तालुक्याच्या पोलीस ठाण्यांत अजून फारशी कुणी वापरत नाही : कलम ३०५ नुसार सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेची चोरी केल्यास सात वर्षांपर्यंत कैद. सरकारी फाईल ही सरकारची मालमत्ता नाही, असे कोण म्हणेल?

फाईल घरी नेऊन दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवली तर? तीही चोरीच. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच हे सांगून ठेवले आहे. राजस्थानात अलवरच्या मुख्य अभियंता कार्यालयातल्या एका अधीक्षकाने फाईल घरी नेली, मित्राला दिली, मित्राने आतले कागद बदलले, आणि फाईल पुन्हा जागेवर ठेवली गेली. थोड्या वेळापुरती का होईना, ताबा असणाऱ्याच्या संमतीवाचून वस्तू अप्रामाणिकपणे हलवली म्हणजे चोरी झाली, असे न्यायालयाने ठरवले. आपल्याकडे तलाठी सजावर बसणारे ‘झिरो तलाठी’ आठवा. सरकारी पगार नाही, नेमणूक नाही, शपथ नाही. पण फेरफाराची वही, शिक्का आणि कपाटाची किल्ली त्यांच्या हातात. दप्तर गाडीच्या डिकीतून घरी जाते, रात्री कुणाच्या तरी ओसरीवर उघडले जाते, सकाळी परत येते किंवा येत नाही. साठ वर्षांपूर्वी ज्याला सर्वोच्च न्यायालयाने चोरी म्हटले, ते आज आपण कामाची सोय म्हणून चालवून घेतो आहोत.

मग एवढी कलमे असताना खटले का होत नाहीत? माझ्या अनुभवात दोन कारणे आहेत, आणि दोन्ही तुमच्या हातात आहेत.

पहिले कारण पोलीस ठाण्याच्या दारातच भेटते. कलम ३४३ आणि कलम २४१ हे दोन्ही गुन्हे अदखलपात्र आहेत. म्हणजे ज्या कृत्याला जन्मठेप सांगितली आहे त्याचाही तपास पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करू शकत नाहीत. माझी एक पक्षकार बाई आईचे मृत्युपत्र भावाने पेटीतून काढून घेतल्याची तक्रार घेऊन गेली. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नुसती नोंद, लिहून घेतली गेली, तिची प्रत बाईंच्या हातात दिली गेली आणि ‘कोर्टात जा’ असे सांगितले गेले. अंमलदाराने नियमाबाहेर काही केले नाही. पण मृत्युपत्र फाडायला एक मिनिट लागतो आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश मिळायला महिने. त्या काळात मजकुराचा साक्षीदार फिरतो, मसुदा लिहिणाऱ्याची वही सापडेनाशी होते, मोबाईलमधला फोटोही पुसला जातो. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाची कलमे २३७ आणि २३८ हरवलेल्या किंवा अन्यायाने नष्ट केलेल्या मृत्युपत्राची प्रत, मसुदा किंवा निदान मजकूर सिद्ध करून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घेण्याची वाट ठेवतात. ती वाट ताज्या पुराव्यावर चालते. पुरावा ताजा असताना गोळा करणारा कुणी नसेल तर ती फक्त पुस्तकात राहते. यात आणखी एक धोका आहे. मृत्युपत्र शेवटपर्यंत आईच्याच ताब्यात होते आणि आता सापडत नाही, म्हटल्यावर तिनेच ते रद्द म्हणून फाडले असावे, असा युक्तिवाद समोरून येतो. ज्याने फाडले त्याचाच वकील तो करतो.

फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला विषय आहे. राज्याला दुरुस्ती करता येते आणि राष्ट्रपतींची अनुमती घेऊन ती महाराष्ट्रापुरती लागू करता येते. कलम ३४३ आणि २४१ महाराष्ट्रात दखलपात्र करा, ही माझी एक विनंती. दिवाणी वादात पोलिसांचा हात नको, ही भीती मला माहीत आहे आणि ती खोटी नाही. खोट्या गुन्ह्यांनी दबाव आणणारे पक्षकार मी पाहिले आहेत. त्यासाठी पोलीस उपअधीक्षकाच्या लेखी परवानगीनंतरच तपास सुरू व्हावा अशी अट घाला. पण तपासच नाही, ही स्थिती कायम ठेवू नका.

दुसरे कारण मोठे आहे आणि या पत्राचा खरा हेतू तेच आहे. सरकारी दप्तरातून कागद गेला तर फिर्यादी कोण? कागदाचा ताबा कार्यालयाचा. चोरी कार्यालयातून झाली. कार्यालयानेच तक्रार द्यायला हवी, आणि कार्यालय देत नाही, कारण दिली तर पहिला प्रश्न कार्यालयालाच विचारला जाईल. नागरिक गेला तर त्याला म्हणतात, तुमची काय वस्तू चोरीला गेली? आणि मुळात चोरी झाली, नष्ट झाली, की चुकीच्या गठ्ठ्यात बांधली गेली, हे नागरिकाला कसे कळावे? त्याला अभिलेख कक्षात पाय ठेवता येत नाही.

या विधिमंडळाने त्यासाठी कायदा केला होता. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५. केंद्राच्या १९९३ च्या कायद्याच्या धर्तीवर केलेला हा कायदा चांगला आहे. प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमायचा, त्याने दप्तर वर्गवारी करून जपायचे. कलम ७ सांगते, की ताब्यातला अभिलेख कुणी विनापरवाना हलवला, नष्ट केला, विद्रूप केला किंवा त्यात फेरबदल केला तर अभिलेख अधिकाऱ्याने ताबडतोब तो परत मिळवण्याची कारवाई करावी आणि पुराभिलेख संचालकांना विनाविलंब लेखी अहवाल द्यावा. वाचायला किती नेटके! पण शिक्षेचे कलम ९ उघडून पाहा. पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते कशाबद्दल? कलम ४ आणि कलम ८ च्या भंगाबद्दल. म्हणजे परवानगीवाचून अभिलेख राज्याबाहेर नेल्याबद्दल आणि विहित पद्धत सोडून तो नष्ट केल्याबद्दल. कलम ७ चा अहवालच दिला नाही तर? काही नाही. अभिलेख राज्याबाहेर नेला नाही, फक्त कचेरीबाहेर नेला तर? या कायद्याखाली स्पष्ट असे काही नाही. जाळला की लपवला हे सिद्ध होत नसेल तर? तरीही काही नाही. कायद्याची भिंत बांधताना दरवाजाएवढी जागा मोकळी राहिली आणि सगळी ये-जा तिथूनच चालली आहे.

माहितीच्या अधिकारातही हाच अनुभव. मागितलेली माहिती नष्ट केली तर जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड. एकरी कोटीने जमीन विकली जाते अशा तालुक्यांत पंचवीस हजार ही रक्कम कुणाला थांबवणार? शिवाय ‘सापडत नाही’ हे माहिती नाकारण्याचे कारण त्या कायद्यात कुठेच दिलेले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले, की जी माहिती एकेकाळी कार्यालयात होती ती केवळ सापडत नाही म्हणून नाकारता येणार नाही; कसून शोध घ्यावा लागेल, चौकशी करून जबाबदारी ठरवावी लागेल. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये अभिलेख न सापडण्याची गंभीर दखल घेऊन सार्वजनिक अभिलेख अधिनियमाखाली गुन्हा नोंदवण्याचे निर्देश दिले होते. हे निकाल मी अर्जासोबत जोडते. अर्ज आवक होतो, पोच मिळते, आणि उत्तरात तीच ओळ पुन्हा येते.

हे फक्त तालुक्याच्या कचेरीत घडते असे नाही. २०१० मध्ये आदर्श सोसायटीचे प्रकरण गाजत असताना नगरविकास विभागाच्या फायलीतले कागद नाहीसे झाले होते, ते या सभागृहांना वेगळे सांगायला नको. २०१३ मध्ये कोळसा खाणवाटपाच्या फायली दिल्लीत सापडेनाशा झाल्या, तेव्हा सीबीआयला त्यासाठी वेगळी प्राथमिक चौकशी नोंदवावी लागली. मोठ्या प्रकरणांत न्यायालये आणि वर्तमानपत्रे मागे लागतात म्हणून निदान चौकशी तरी होते. तीन बहिणींच्या जबाबामागे कोण लागणार?

कागद नष्ट करण्याला शिक्षा देण्यात हे राज्य कधीच मागे नव्हते, पण ती कुणाला झाली ते पाहा. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडची खतेपत्रे, रोखे, चोपड्या मागून घेऊन जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. त्यांचा रोख कागदांवर होता. जिथे सावकाराने मुकाट्याने खते काढून दिली तिथे पुष्कळदा त्याला हातही लागला नाही. निरक्षर माणसाला न वाचता अंगठा द्यायला लावलेला तो कागद त्याची जमीन खात होता. सैन्य आले, धरपकड झाली, लोक तुरुंगात गेले. मात्र सरकार तेवढ्यावर थांबले नाही. चौकशी आयोग नेमला गेला, आणि १८७९ च्या दक्षिण शेतकरी साहाय्य कायद्याने खेड्यातच ग्रामनिबंधक बसवले, शेतकऱ्याचा दस्त त्यांच्यासमोर लिहिला जाऊ लागला, भरलेल्या पैशाची पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क त्याला मिळाला. परकी सरकारलाही कळले होते, की कागद एकाच्याच कपाटात बंद राहिला तर न्याय होत नाही. त्या शेतकऱ्यांनी भरदिवसा, आपापल्या नावानिशी कागद जाळले आणि शिक्षा भोगली. आज बंद कपाटातून कागद काढणाऱ्याचे नाव विचारण्याची व्यवस्था आपण दीडशे वर्षांनंतरही केलेली नाही, याचा मला संताप येतो.

म्हणून माझी मुख्य मागणी. सार्वजनिक अभिलेख अधिनियमाच्या कलम ७ मध्ये मुदत घाला : अभिलेख सापडत नाही असे लेखी उत्तर ज्या दिवशी दिले त्या दिवसापासून तीस दिवसांत अभिलेख अधिकाऱ्याने संचालकांना अहवाल द्यावा, त्याची प्रत अर्जदाराला द्यावी, आणि शोध निष्फळ ठरला तर पोलिसांत फिर्याद नोंदवावी. आणि कलम ९ मध्ये लिहा, की हा अहवाल न देणे हाही गुन्हा आहे. सोबतच अभिलेख कचेरीबाहेर नेणे, लपवणे, त्यातले पान काढणे किंवा बदलणे ही कृत्येही त्याच कलमात आणा. हा कायदा राज्याचा स्वतःचा आहे. दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही.

शिक्षा वाढवा, असे मी म्हणत नाही. पाचाची दहा वर्षे केल्याने काही बदलणार नाही, कारण खटलाच उभा राहत नाही. गप्प बसणाऱ्याला सहा महिन्यांची शिक्षा असली तरी पुरे. पण ती ठरलेल्या मुदतीनंतर हमखास लागू व्हायला हवी. कागद कुणी नेला हे शोधणे अवघड असते. कळवले की नाही हे ठरवायला आवक-जावक नोंदवही पुरते.

यात खालचा कारकून भरडला जाईल, असा आक्षेप महसूल कर्मचाऱ्यांच्या संघटना घेतील आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. अभिलेख कक्ष मी आतून पाहिले आहेत. गळकी छपरे, वाळवी, उंदीर, एकच बल्ब, रुमालात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत, आणि हे सगळे सांभाळायला एक अभिलेखपाल, त्याच्याकडेही निवडणुकीचे काम. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला, २०२१ च्या जुलैत महाड-चिपळूणला पूर आला तेव्हा गावेच्या गावे पाण्यात गेली. तिथला भिजलेला कागद हा कुणाचा गुन्हा नव्हे. २१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले त्यातही माणसे गेली, फायली गेल्या. पण नेमके म्हणूनच अहवाल हवा. पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांत, काय भिजले, काय वाचले याची गठ्ठानिहाय यादी पंचनाम्यासह जाहीर झाली, तर प्रामाणिक कारकून त्याच दिवशी सुटतो. ती झाली नाही, तर पुढची वीस वर्षे प्रत्येक नकोशी फाईल ‘पुरात गेली’ या सबबीखाली घालता येते, आणि संशय मात्र त्या कारकुनावरच राहतो.

बदलीच्या वेळी होणारी कार्यभाराची देवाणघेवाणही कायद्यात बांधून घ्या. आज चार्ज यादीवर ‘दप्तर यादीप्रमाणे मिळाले’ एवढे लिहून सही होते आणि यादी कुणी ताडून पाहत नाही. अ वर्गाचे दप्तर, जे कायमचे जपायचे आहे, निदान तेवढे तरी प्रत्येक बदलीला मोजून घ्यावे. नगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात दप्तराची मांडणी बदलून दाखवली. त्यांची पद्धत राज्याने गौरवली, इतर राज्यांनी उचलली. तेव्हा संगणकही नव्हते. शिस्त लावायची म्हटली तर आपल्याच माणसांनी ती लावली आहे. स्कॅनिंगचे काम झाले त्या तालुक्यांत मला फरक दिसतो, जुने सातबारे घरबसल्या निघतात; पण स्कॅन होते ते नोंदवह्यांचे. नोंदीमागची संचिका, जबाब, नोटिसा, महसूल संहितेच्या कलम १५५ खालचे दुरुस्ती आदेश यांतले पुष्कळ अजून गठ्ठ्यातच आहे, आणि वादाचा जीव त्यातच असतो. स्कॅन करण्याआधी पान मोजले नाही तर स्कॅनही गेलेल्या पानाची साक्ष देत नाही.

आता सगळ्यांत नाजूक सूचना. नोंदीचा आधार असलेला कागद सरकारच्या ताब्यातून गेला असेल, तर नोंद खरी धरण्याचे महसूल संहितेच्या कलम १५७ चे गृहीतक किती ताणायचे, याचा विचार करा. आधार दाखवता येत नसेल तिथे नोंद आपोआप खरी धरू नये, दोन्ही बाजूंनी पुरावा द्यावा, अशी मुभा न्यायालयाला आणि महसूल अधिकाऱ्याला स्पष्ट शब्दांत द्यावी. याचा गैरवापर होऊ शकतो. एखादी खरी नोंद पाडायलाही कुणी तिची संचिका पळवील. म्हणून गृहीतक सरसकट काढू नका. कलम ७ चा अहवाल आणि चौकशी पाहूनच ते बाजूला ठेवता यावे. हरवलेली संचिका पक्षकारांकडच्या नकला, दुय्यम निबंधकांकडचे दस्त, न्यायालयातल्या प्रती यांवरून सहा महिन्यांत पुन्हा उभी करण्याचे बंधनही कार्यालयावर घाला. आज ही पुनर्बांधणी साहेबांच्या मर्जीवर आहे.

दुरुस्तीचे विधेयक सरकारने आणले तर उत्तम. नाही आणले तर तुमच्यापैकी कुणीही अशासकीय विधेयक मांडू शकतो, आणि मसुदा करायला माझ्यासारखे तालुक्या-तालुक्यांतले वकील विनामोबदला बसतील. त्याआधी एक तारांकित प्रश्न तरी येत्या अधिवेशनात विचारा. २००५ चा कायदा अंमलात आल्यापासून कलम ७ खाली किती अभिलेख अधिकाऱ्यांनी पुराभिलेख संचालकांना अहवाल पाठवले, कोणत्या जिल्ह्यातून किती, आणि कलम ९ खाली आजवर किती गुन्हे दाखल होऊन किती शिक्षा झाल्या? याच काळात ‘आढळून येत नाही’ अशी लेखी उत्तरे किती दिली गेली, हेही त्याच प्रश्नात विचारा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी सभागृहाच्या पटलावर ठेवायला लावा.

आपली नम्र,
तालुका दिवाणी न्यायालयातील एक वकील